विश्लेषण : काजूच्या टरफलातून उत्प्रेरकाचा साचा, पण तो ‘हिरवा’ ठरवायचा कसा?

पेट्रोलपासून औषधांपर्यंत रासायनिक उद्योगाचा मोठा भाग सच्छिद्र उत्प्रेरकांवर चालतो. त्यांत मोजून-मापून छिद्रे पाडण्यासाठी जी महागडी रसायने वापरली जातात, ती शेवटी बहुतेक वेळा जाळून टाकली जातात. त्यांच्या जागी काजूच्या टरफलातले तेल, स्टार्च किंवा लाकडाचा तंतू चालेल का? चालेल, पण केवळ ‘वनस्पतीजन्य’ हा शिक्का मारला म्हणून तो शाश्वत ठरत नाही.

उत्प्रेरकाला छिद्रे कशाला हवीत?

रासायनिक क्रियेचा वेग वाढवायचा आणि स्वत: मात्र त्यात खर्ची पडायचे नाही, असे काम करणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. या प्रकाराला नाव दिले ते स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ याकोब बर्झेलियस यांनी, १८३५ मध्ये. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन मिसळायला निकेल लागते, खतासाठी अमोनिया बनवायला लोहाचा उत्प्रेरक लागतो, मोटारीच्या धुरातले विषारी वायू निवळायला प्लॅटिनम-पॅलेडियम लागते. उत्प्रेरक दिसत नाही, त्याची जाहिरात होत नाही. पण तो काढून घेतला तर कारखाना थांबतो.

घन उत्प्रेरकाचे सारे काम त्याच्या पृष्ठभागावर चालते. आत दडलेल्या अणूंचा उपयोग नाही, कारण तिथे कोणी पोहोचतच नाही. म्हणून पृष्ठभाग जितका अधिक तितके काम अधिक. तो वाढवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पदार्थाला आतून पोखरणे. ‘एमसीएम-४१’ नावाच्या सच्छिद्र सिलिकेच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १,००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे चमचाभर पांढऱ्या भुकटीत सातांहून अधिक कबड्डी मैदाने मावतात.

पण नुसती भोके असून भागत नाही. घावनाला जाळी पडते, अनारशालाही पडते. ती कुठे आणि केवढी पडेल हे मात्र तव्याच्या आणि पिठाच्या मर्जीवर. उत्प्रेरकात असे चालत नाही. छिद्र रुंद असेल तर नको ते रेणूही आत शिरतात. अरुंद असेल तर हवा तो रेणू दारातच अडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी छिद्रांची मापे ठरवली आहेत : दोन नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, दोन ते ५० नॅनोमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती स्थूल. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हे काम किती नाजूक आहे ते कळते.

सच्छिद्र दगड तर आपल्याच डोंगरांत आहेत ना?

आहेत. १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेड यांनी एक दगड तापवला, तर त्यातून पाणी उकळल्यासारखी वाफ निघाली. त्याला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘झिओलाइट’ म्हणजे ‘उकळणारा दगड’ असे नाव दिले. या खनिजांच्या आत रेणूंच्या मापाचे बोळ असतात आणि त्यांत पाणी भरलेले असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट विपुल सापडतात. नाशिक, जळगाव, पुणे परिसरातले हे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे गेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात.

निसर्गाला हे घडवायला हवा तेवढा वेळ होता. कारखान्याला काही तास किंवा दिवसच असतात. शिवाय त्याला दर वेळी तेच माप, तोच आकार हवा असतो. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर आणि त्यानंतर अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीतील रॉबर्ट मिल्टन यांनी कृत्रिम झिओलाइट बनवण्याची वाट पाडली. १९६० च्या दशकात ते तेलशुद्धीकरणात आले. जड खनिज तेलाचे तुकडे करून त्यातून अधिक पेट्रोल काढण्याच्या तंत्राचा कणा आजही झिओलाइटच आहे.

‘साचा’ म्हणजे नेमके काय?

ओतकाम करणारा कारागीर मेणाची मूर्ती करतो, तिच्यावर माती लिंपतो, मग मेण वितळवून काढतो. उरलेल्या पोकळीत धातू ओततो. सच्छिद्र उत्प्रेरक बनवण्याची रीत बरीचशी अशीच, फरक इतकाच की इथे पोकळी भरायची नसते. ती पोकळी हेच अंतिम उत्पादन.

सिलिका विरघळलेल्या द्रावणात विशिष्ट आकाराचा सेंद्रिय पदार्थ घालतात. त्याच्याभोवती सिलिकेचे जाळे घट्ट होत जाते. मग आतला सेंद्रिय पदार्थ काढून टाकला की त्याच्या आकाराचे छिद्र मागे उरते. हा आतला पदार्थ म्हणजे साचा.

मोबिल कंपनीने १९७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘झेडएसएम-५’ या झिओलाइटसाठी टेट्राप्रोपिल अमोनियम या क्षाराचा साचा वापरला होता. त्याची छिद्रे साधारण अर्ध्या नॅनोमीटरची. १९९२ मध्ये याच कंपनीच्या संशोधकांनी ‘एमसीएम-४१’ जाहीर केले. त्यात एकेक रेणू नव्हे, तर साबणासारख्या रेणूंचे पुंजके साचा झाले आणि छिद्रे दीड ते दहा नॅनोमीटरपर्यंत मोठी झाली. मोठे रेणू आत घेता येतील असा मध्यम छिद्रांचा सुबक पदार्थ हाती आला, म्हणून या शोधाचे एवढे अप्रूप.

मग सध्याच्या साच्यांत अडचण काय?

पहिली अडचण पैशांची. हे साचे स्वस्त नाहीत. काही डिझेल वाहनांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड घटवण्यासाठी ‘एसएसझेड-१३’ जातीचा झिओलाइट वापरतात. त्याच्या मूळ कृतीतला साचा इतका महाग की त्याला पर्याय शोधणे हाच एक स्वतंत्र संशोधनविषय होऊन बसला.

दुसरी अडचण वाया जाण्याची. ‘एमसीएम-४१’सारख्या पदार्थात, भट्टीत घालण्यापूर्वी, वजनाने जवळपास निम्मा भाग साच्याचाच असतो. तो काढण्याची रूढ पद्धत म्हणजे सुमारे ५५० अंश सेल्सिअसवर तासन्‌तास भाजणे. म्हणजे महागडे रसायन विकत घ्यायचे, एकदा वापरायचे आणि धुराड्यातून सोडून द्यायचे. वर भट्टीच्या इंधनाचा खर्च वेगळा.

तिसरी अडचण प्रदूषणाची. हे साचे बहुधा नायट्रोजनयुक्त क्षार असतात. ते जळताना कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजनचे ऑक्साइडही निर्माण होऊ शकतात. धुण्याच्या पाण्यात ते उतरले तर जलचरांना घातक. प्रदूषण कमी करण्यासाठी घडवलेल्या वस्तूच्या जन्मातच प्रदूषण, असा हा विरोधाभास आहे.

वनस्पतींकडून काय मिळू शकते?

इथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवू.

एक, वनस्पतीतले घन भाग : लाकूड, तंतू, स्टार्च. लाकूड आतून नळ्यांनी भरलेले असते. झाडाने पाणी वर चढवण्यासाठी केलेली ती सोय. शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये लाकडाच्या पेशींवर झिओलाइट वाढवून, मग लाकूड जाळून, त्याच रचनेचा झिओलाइट मिळवला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१० मध्ये सेल्युलोजच्या नॅनो-स्फटिकांचा साचा वापरून सच्छिद्र सिलिकेचे पातळ पापुद्रे तयार झाले. त्यांची आतली मांडणी पिळदार असल्याने त्यांच्यावर भुंग्याच्या पाठीसारखे रंग चमकतात. स्टार्चच्या जेलीतूनही स्पंजासारखा झिओलाइट करता येतो.

दोन, वनस्पतीतली द्रव किंवा विरघळणारी रसायने. त्यांचे रेणू साबणासारखे वागतात आणि पुंजके करतात. काजूच्या टरफलातले तेल या गटातले.

तीन, भाताचा तूस. तो साचा नव्हे, कच्चा माल. तूस जाळल्यावर वजनाच्या साधारण पाचव्या भागाएवढी राख उरते आणि तिचा बहुतांश भाग सिलिका असतो. म्हणजे साच्याभोवती जी भिंत उभारायची, तिची वीट तुसातून मिळते. दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण ‘तुसाचा साचा’ म्हणणे म्हणजे विटेला फळी म्हणण्यासारखे.

काजूचे टरफल यात कसे आले?

काजूच्या टरफलाला मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचा थर असतो आणि त्यात दाट, तपकिरी, जहाल तेल असते. हात लागला तर कातडी भाजते. बी फोडणाऱ्या स्त्रिया हाताला राख किंवा एरंडेल लावून बसतात, त्या याच तेलाच्या भीतीने. ढोबळमानाने १०० किलो काजूबीतून २५ किलोच्या आसपास गर निघतो आणि ७० किलो टरफल. त्या टरफलातून १५ ते २० किलो तेल मिळू शकते. ब्रेकचे अस्तर, रंग, रेझिन यांत ते पूर्वीपासून वापरले जाते. बाकी टरफल बरेचदा भट्टीत इंधन म्हणून जाते.

या तेलातल्या मुख्य रेणूंची ठेवण पाहण्यासारखी आहे. एका टोकाला फिनॉलचे कडे, त्याची पाण्याशी थोडीबहुत मैत्री. दुसऱ्या टोकाला १५ कार्बन अणूंची लांब शेपटी, तिचे पाण्याशी वाकडे. असे रेणू पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात सोडले की ते शेपट्या आत व डोकी बाहेर करून गोळा होतात. सिलिकेचे कण या डोक्यांशी हलकेच जोडले जातात आणि पुंजक्याभोवती भिंत चढते. टांझानियातील दारेसलाम विद्यापीठाच्या संशोधकांनी या मार्गाने सच्छिद्र सिलिका तयार केल्या आहेत. तो देश काजू भरपूर पिकवतो, पण त्यातला बराचसा बी न फोडता परदेशी पाठवतो. भारत हा त्याचा मोठा ग्राहक. म्हणजे टांझानियाचे टरफलही बीबरोबर जहाजात बसून आपल्याकडे येते.

या साच्याची खरी खुबी वेगळीच आहे. अमोनियम क्षारांचा साचा सिलिकेशी विद्युतभाराने घट्ट बांधलेला असतो. म्हणून तो जाळावा लागतो. विद्युतभार नसलेला साचा मात्र सैल धरलेला असतो. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या टॅनेव्ह आणि पिनाव्हिया यांनी १९९५ मध्येच दाखवले होते की, असा साचा इथेनॉलने धुऊन बाहेर काढता येतो. काजूच्या तेलाचे रेणूही याच जातीचे. ते धुऊन काढले, इथेनॉल ऊर्ध्वपातनाने वेगळे केले, की साचा परत हातात. त्यात नायट्रोजन नाही, म्हणून जाळायची वेळ आलीच तरी साच्यातल्या नायट्रोजनचा धूर नाही.

धुण्याचा आणखी एक फायदा. पुष्कळदा छिद्राच्या भिंतीवर क्रिया घडवणारे सेंद्रिय गट आधीच बसवलेले असतात. अशी भुकटी ५५० अंशांवर भाजली तर साच्याबरोबर तेही जळतील. तिथे धुण्याला पर्यायच नाही.

याचा ग्राहकाला उपयोग काय?

एक उदाहरण पुरे. वडे-भजी तळून उरलेले तेल पुन:पुन्हा वापरणे आरोग्याला वाईट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल बनवण्याचा उपक्रम सुरू केला. पण तळून काळवंडलेल्या तेलात मोकळी स्निग्धाम्ले वाढलेली असतात. नेहमीच्या कॉस्टिक सोड्याच्या जातीचा उत्प्रेरक वापरला तर त्यांचा साबण होतो आणि पुढचे धुणे-गाळणे वाढते. घन आम्लधर्मी उत्प्रेरक हा त्यावरचा एक उपाय. मात्र खाद्यतेलाचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरच्या झिओलाइटमध्ये शिरत नाही. त्याला मध्यम छिद्रे हवीत. आणि वनस्पतीजन्य साचे मुख्यत: मध्यम आणि स्थूल छिद्रेच देतात.

हीच त्यांची मर्यादाही आहे. झिओलाइटच्या आतली अगदी बारीक, स्फटिकासारखी काटेकोर छिद्रे काजूचे तेल किंवा स्टार्च पाडू शकत नाही. तिथे लहान, ठरावीक आकाराचे रेणूच लागतात. वनस्पतीजन्य साचा तिथे भर घालू शकतो : जुन्या पेठेतल्या बोळांना हमरस्ता जोडून दिल्यासारखा. रेणू हमरस्त्याने लवकर आत येतो, बोळात काम उरकतो, लवकर बाहेर पडतो. वाट तुंबत नाही, कार्बनची काजळी साचायला वेळ लागतो, उत्प्रेरक अधिक टिकतो. त्यामुळे ‘आता कृत्रिम साचे हद्दपार’ अशा बातम्यांवर विश्वास ठेवू नये.

वनस्पतीजन्य म्हणजे शाश्वत का?

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवे. ‘एमसीएम-४१’साठी सर्रास वापरला जाणारा सीटीएबी हा साचा घ्या. त्याची १६ कार्बनची शेपटी पुष्कळदा पाम तेलातून येते. म्हणजे ज्याला आपण ‘कृत्रिम’ म्हणून नाके मुरडतो, तोही अर्धामुर्धा वनस्पतीजन्यच. आणि पामच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया, मलेशियात जंगले तोडली गेली, हे जगजाहीर आहे. मूळ झाडात आहे एवढ्यावरून वस्तू निर्दोष ठरत नसते.

खरे प्रश्न चार आहेत. साचा किती टक्के परत मिळतो आणि किती वेळा वापरता येतो? तो काढायला किती द्रावक, किती ऊर्जा लागते? भिंतीची सिलिका कुठून आली? आणि ज्याला ‘टाकाऊ’ म्हटले, ते खरोखर कोणाच्या उपयोगाचे नव्हते का?

तिसरा प्रश्न बहुतेक वेळा विसरला जातो. प्रयोगशाळेत सिलिकेसाठी टीईओएस नावाचे द्रव रसायन वापरतात, कारण ते शुद्ध आणि वापरायला सोपे. पण ते ज्या सिलिकॉनपासून निघते, ते प्रचंड तापमानाच्या विद्युत भट्टीत मिळवलेले असते. साचा काजूचा आणि भिंत अशा भट्टीची, तर हिशेब जमला कुठे? तुसाच्या राखेतली सिलिका अल्कलीत साधारण पाण्याच्या उत्कलनबिंदूजवळ विरघळते. तिथे खरी बचत आहे. पण त्यासाठी तूस मंद आचेवर, साधारण ७०० अंशांच्या आत जाळावा लागतो. आच वाढली की सिलिका स्फटिकरूप होते; ती नीट विरघळत नाही आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. भातगिरणीच्या बॉयलरमधली कुठलीही राख चालेल, असे नाही.

चौथा प्रश्न आपल्याकडे अधिक टोचरा. उसाचे चिपाड घ्या. चिपाडावर साखर कारखान्यांचे बॉयलर चालतात, वीज तयार होते, कागदही होतो. त्याला ‘फुकट कचरा’ म्हणून प्रकल्प आखणाऱ्याने आधी कारखान्याच्या ताळेबंदात डोकवावे. स्टार्चचेही तसेच, ते मक्यातून, साबुदाण्याच्या कंदातून येते आणि त्याला खाणारी तोंडे आहेत.

प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना अडते कुठे?

सगळ्यांत आधी सातत्यात. कृत्रिम साच्याच्या पिंपात दर वेळी तोच रेणू असतो. काजूच्या तेलात तसे नसते. ते थंड दाबून काढले तर त्यात ॲनाकार्डिक आम्ल मुख्य. टरफल गरम तेलात भाजून काढले तर ते आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डेनॉल बनते. रेणूचे डोके बदलले की पुंजका बदलतो, पुंजका बदलला की छिद्र बदलते. झाडाची जात, हंगाम, साठवण यांनीही फरक पडतो. रंग वा रेझिन बनवणाऱ्याला चिकटपणासारख्या ढोबळ गुणधर्मांवर भागते; साचा करणाऱ्याला कोणता घटक किती टक्के, हे कळावे लागते. वेगळे करून शुद्ध केले तर ऊर्जा आणि पैसा लागतो आणि ‘स्वस्त’ हा गुणच गळतो.

दुसरे, प्रमाण. चंचुपात्रात दोन ग्रॅम सुबक भुकटी मिळाली म्हणजे टाकीत दोनशे किलो मिळेल असे नाही. ढवळणे, तापमान, वाळवण्याचा वेग यांनी छिद्रे बिघडतात. तिसरे, टिकाऊपणा. पातळ भिंतीची सिलिका गरम वाफेत कोसळते. तेलशुद्धीकरणासारख्या ठिकाणी उत्प्रेरकाला वाफेचा तडाखा वारंवार सोसावा लागतो. तेव्हा काजूच्या साच्याची सिलिका उद्या तिथे जाऊन बसेल, ही अपेक्षा चुकीची. औषधे, सुगंधी द्रव्ये, बायोडिझेल अशा मवाळ तापमानाच्या क्रिया हे तिचे योग्य घर.

महाराष्ट्र-गोव्याला यात काय आहे?

पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले काजूचे झाड गोव्यात रुजले आणि किनाऱ्याने पसरले. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा आणि घाटावर चंदगड-आजऱ्यापर्यंत काजूबी फोडणारे लहान उद्योग आहेत. टरफलाचे ढीग तिथे आहेत. तुसाचे ढीग गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांत आणि कोकणातही आहेत. धुण्यासाठी लागणारे इथेनॉल साखर पट्ट्यात तयार होते.

आणि यातले ज्ञानही आपल्याला परके नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने १९८० च्या दशकात झिओलाइटवर आधारित ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक विकसित केले आणि ते वडोदऱ्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीत प्रत्यक्ष वापरात आले. ‘एनसीएल’ची अक्षरेच त्या नावात गुंफलेली आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव यांच्या गटाने घडवलेल्या ‘यूडीकॅट’ मालिकेतील काही उत्प्रेरक मध्यम छिद्रांच्या सिलिकेवरच उभे आहेत. भारतीय प्रयोगशाळेतला उत्प्रेरक कारखान्यात जाऊ शकतो, याचा दाखला घरातच आहे.

तरीही एक सावधगिरी. उत्प्रेरकांचा बाजार किमतीने मोठा, पण वजनाने लहान. साच्यासाठी लागणारे तेल टरफलांच्या डोंगरापुढे मूठभर. ‘टरफलाला सोन्याचा भाव’, ‘काजू उत्पादकांचे उत्पन्न दुप्पट’ अशा घोषणा कोणी करू लागला तर मोगली एरंड आठवावा. त्यातून बायोडिझेल येणार म्हणून दोन दशकांपूर्वी केवढा गाजावाजा झाला, शेतकऱ्यांनी रोपे लावली आणि उत्पन्नाचे आकडे कागदावरच राहिले. विज्ञान खोटे नव्हते. घाई खोटी होती.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, सरकारी पैशातून होणाऱ्या अशा संशोधनाला पूर्ण हिशेब मागावा. किती चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला हा आकडा शोधनिबंधात ठळक असतो. साचा किती परत मिळाला, पाचव्या-दहाव्या फेरीत छिद्रे तशीच राहिली का, किती लिटर इथेनॉल उडून गेले, हे आकडे कोपऱ्यात तरी असतात किंवा नसतातच. जो प्रस्ताव हे आकडे देणार नाही, त्याला ‘हरित’ म्हणून अनुदान मिळू नये.

दुसरी, काजूच्या टरफल तेलाची घटकांवर आधारलेली प्रतवारी हवी. थंड दाबलेले की भाजलेले, ॲनाकार्डिक आम्ल किती, कार्डेनॉल किती, हे तपासून देणारी सोय काजूच्या पट्ट्यातच उभी राहिली, तर लहान प्रक्रिया करणाऱ्याला टरफल नुसते जळण म्हणून विकावे लागणार नाही. ही प्रतवारी उत्प्रेरकाच्याच नव्हे, रंग-रेझिनच्या ग्राहकालाही उपयोगी पडेल. साच्याचा बाजार फसला तरी हा खर्च वाया जाणार नाही. सार्वजनिक पैसा गुंतवताना हाच निकष असावा.

तिसरी, ग्रॅम आणि टन यांच्या मधली पायरी. विद्यापीठातल्या संशोधकाकडे दहा-वीस किलो माल करून पाहण्याची सोय नसते आणि तेवढ्यासाठी कारखाना आपली टाकी रिकामी करत नाही. अनेक गटांना भाड्याने वापरता येईल असा मध्यम आकाराचा सामायिक प्रकल्प, हा या क्षेत्रातला खरा तुटलेला दुवा आहे. एन्सिलाइटची वाट सुकर झाली ती प्रयोगशाळेला आपला ग्राहक असलेला कारखाना समोर दिसत होता म्हणून. आज तो समोरासमोरचा संबंध पुन्हा जोडावा लागेल.

चौथी आणि शेवटची गोष्ट हिशेबात सहसा धरली जात नाही. टरफलाच्या तेलाला किंमत येणार असेल, तर ते काढताना ज्यांची बोटे भाजतात त्यांना हातमोजे, हवेशीर शेड आणि वाजवी मजुरी मिळणे हा शाश्वततेचाच भाग आहे. साचा धुऊन परत मिळवता येतो, पुन्हा वापरता येतो. माणसाच्या हातांचे तसे नसते.

वनस्पतीजन्य साच्यांची कल्पना चांगली आहे आणि तिला मुभा, वेळ, पैसा मिळायला हवा. पण तिचे मोल टरफलात नाही. ते टरफलातून घेतलेले परत मिळवण्यात आहे. एकदा वापरून जाळायचेच असेल, तर रसायन विहिरीतून आले काय आणि झाडावरून आले काय, धुराड्याला फरक पडत नाही.